आठ दिवसांत पाच किलो?

अगं, आठ दिवसांत पाच किलो वजन उतरवतो म्हणणाऱ्या त्या डब्याचे पैसे भरायच्या आधी त्याची मागची बाजू वाच. माझ्या त्या ‘हर्बल’ चहात सोनामुखी होती, म्हणजे रेचकच. चार दिवसांत दोन किलो उतरले, सगळं पाणी. रत्नागिरीच्या एसटीत पोटात मुरडा आला तो वेगळाच. पेज-भात सुरू केला नि काटा परत जागेवर. एक किलो चरबी म्हणजे साधारण 7700 कॅलरी, आठवड्यात पाच किलो जळणार कुठून? वजन उतरवायला विकतात त्या गार्सिनियाच्या (कोकमाच्या जातीतलं फळ) कॅप्सूलमधलं आम्ल आपल्या आमसुलातही असतं. सोलकढी पिऊन गावात कोण बारीक झालंय? आणि सिब्युट्रामीन या भूक मारणाऱ्या औषधाचं नाव लक्षात ठेव. हृदयाला धोका म्हणून भारतात 2011 साली त्यावर बंदी आली, तरी असल्या पुड्यांत न सांगता मिसळलेलं सापडतं. छातीत धडधडलं तर डॉक्टरांकडे जाताना डबाही ने.