कासव चुकलं कुठे?

प्रश्न : १९९४-९५च्या सुमारास शाळेत संगणकाच्या तासाला आम्हाला 'लोगो' ही प्रोग्रॅमिंगची भाषा होती. पडद्यावरच्या छोट्या त्रिकोणाला कासव म्हणायचं आणि फॉरवर्ड, राइट अशा आज्ञा देऊन चित्रं काढायची. आता मुलगी इंजिनिअरिंगला एआय शिकते. ती म्हणते, लोगो एआयवाल्यांनीच काढली. मला काही पटेना. त्या खेळाचा एआयशी काय संबंध?
— एक वाचक भगिनी, सांगली

उत्तर : मुलीचं बरोबर आहे. लोगो १९६७ साली अमेरिकेत, बोस्टनशेजारच्या केंब्रिजमध्ये, बोल्ट बेरानेक अँड न्यूमन या कंपनीत तयार झाली. वॉली फॉयरझाइग, सिंथिया सॉलोमन आणि सेमूर पॅपर्ट ही त्यामागची मंडळी. पॅपर्ट मूळचे गणितज्ञ. लहान मुलं विचार कसा करतात याचा ध्यास घेतलेल्या पियाजेंकडे त्यांनी जिनिव्हात काही वर्षं काढली आणि मग केंब्रिजमधल्याच एमआयटी या विद्यापीठाच्या एआय प्रयोगशाळेत मार्विन मिन्स्कींबरोबर काम केलं. लोगो बेतली होती तीही लिस्पवर, म्हणजे तेव्हाच्या एआयवाल्यांच्या रोजच्या भाषेवर.

कासव मागाहून आलं, १९७०च्या सुमारास, आणि तेही आधी जमिनीवर पेन टेकवून चालणारं खरंखुरं यंत्र. त्याआधी लोगोत नुसते शब्द आणि याद्या. पॅपर्टनी एका तेरा वर्षांच्या मुलीचा किस्सा लिहून ठेवलाय. व्याकरण कशाला शिकायचं, हेच तिला कळत नव्हतं. संगणकाकडून वाक्यं करून घेताना शब्दांच्या वेगवेगळ्या याद्या कराव्या लागल्या, तेव्हा नाम आणि क्रियापद कशासाठी असतात ते तिला उमगलं.

तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर मात्र चुकांमध्ये आहे. समभुज त्रिकोण काढायला सांगितला की मूल हमखास 'फॉरवर्ड १००, राइट ६०' तीनदा लिहितं, कारण कोन ६० अंशांचा हे पाठ असतं. कासव अर्धा षटकोन काढून थांबतं. त्याला वळायचं असतं बाहेरच्या कोनातून, १२० अंश. ही चूक शोधणं म्हणजेच शिकणं, असं पॅपर्टना वाटे. आणि त्याच प्रयोगशाळेतले लोक यंत्राबद्दलही तेच म्हणत होते.

जेराल्ड ससमन यांचा १९७३चा 'हॅकर' प्रोग्रॅम घ्या. त्याला ठोकळ्यांची उतरंड रचायची असे : वरचा मधल्यावर, मधला खालच्यावर. तो आधी वरचा मधल्यावर ठेवी. मग मधला उचलायला जावं तर डोक्यावर ओझं! तिथे अडला की, क्रम चुकला हे तो हुडके, दुरुस्ती करी आणि पुढच्या वेळेसाठी लक्षात ठेवी. आयरा गोल्डस्टीन यांनी १९७४च्या प्रबंधात तर थेट कासवाच्याच चित्रांचा प्रोग्रॅम घेतला. काय काढायचं होतं ते सांगायचं, चुकलेला प्रोग्रॅम पुढे ठेवायचा आणि त्यांचा 'मायक्रॉफ्ट' त्यातली खोट काढून नीट करून द्यायचा. मूल आणि यंत्र, दोघांना एकाच फूटपट्टीनं मोजत होती ही माणसं.

मीही त्या वर्षांत एका शाळेत हाच तास घ्यायचो. यंत्रं चार, मुलं पन्नास. आज्ञा फळ्यावर लिहायच्या, वहीत उतरवून घ्यायच्या, परीक्षेत 'राइट या आज्ञेचा उपयोग लिहा, गुण २'. साठवाल्या मुलाला मी लाल शाईनं फुली मारली आहे, एकदा नव्हे. त्याला पडद्यासमोर बसवून 'हे असं का झालं रे?' एवढं विचारायला हवं होतं. पण पुढची बॅच दारात उभी असायची.

मुलीला एक गंमत जरूर सांगा. १९६९ साली मिन्स्की आणि पॅपर्ट या जोडीनंच एका पुस्तकात एकपदरी न्यूरल नेटवर्कच्या, म्हणजे मेंदूतल्या पेशींच्या जाळ्यावरून बेतलेल्या रचनेच्या, मर्यादा गणितानं दाखवल्या होत्या. आजची चर्चेतली एआय उभी आहे ती त्याच घराण्यातल्या अनेकपदरी नेटवर्कवर. तेव्हा चॅटबॉट कासवाच्या पोटी जन्माला आला, असं मात्र म्हणू नका, मुलगी हसेल.

आणि साठ की एकशेवीस, यावर घरात वाद झालाच तर पॅपर्ट मुलांना सांगत तेच करा : स्वतः कासव व्हा. दाराकडे तोंड करून निघा, चार पावलं चाला, वळा, असं तीनदा. साठ-साठनं वळलात तर शेवटी दाराकडे पाठ झालेली असेल.