स्टँडजवळ झोपणाऱ्यांनी जायचं कुठं?

प्रश्न: कोल्हापुरात स्टँडजवळ आमचं दुकान आहे. रात्री पायऱ्यांवर माणसं झोपतात, गाडी येते, उचलून नेते, थोड्या दिवसांनी परत तिथंच. निवारा केंद्र असतंय म्हणे, मग जात का नाहीत?

उत्तर: दादा, राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियान ही शहरातल्या गरिबांसाठीची केंद्राची योजना २०२४ पर्यंत होती, तिचा हिशोब असा होता, लाख वस्तीमागं १०० जणांचा निवारा, माणशी ५० चौरस फूट आणि चोवीस तास उघडा. २०११ च्या जनगणनेत कोल्हापूर साडेपाच लाखाच्या आसपास, म्हणजे बघा किती जागा लागतात. पण निवारा कुठं काढायचा हे महापालिका ठरवते आणि खरी मेख तिथंच आहे ओ, पहाटे हमालीला उभं राहणाऱ्याला गावाबाहेर खाट दिली तर तो रिक्षाला पैसे घालणार का काम धरणार? नवरा-बायकोला वेगळं झोपवलं, सामानाला कुलूप नाही, तरी माणूस परत पायरीवरच. आणि उचलून नेण्याचं म्हणाल तर १९५९ चा भीक प्रतिबंधक कायदा एवढा ऐसपैस की कमाईचं साधन दिसत नाही, भिकेवर जगत असेल असं वाटतंय, एवढ्यावर पण धरता येतं (मला तर हे पटतच नाही). दिल्ली हायकोर्टानं २०१८ ला त्यातली बरीच कलमं रद्द केली, पण ती दिल्लीपुरती. गाडी बोलवण्यापेक्षा नगरसेवकाला गाठा, निवारा स्टँड नाहीतर मार्केट यार्डाजवळच मागा.