फाटकावर काय मोजावे

विश्रामबाग, सांगली

प्रिय विद्यार्थिमित्रास,
सप्रेम नमस्कार.

किर्लोस्करवाडी ते नांद्रे या पट्ट्यातील रेल्वे फाटकांचा तुझा आराखडा वाचला. सुधारणेचा परिणाम आधीच्या व नंतरच्या वर्षातील अपघातांच्या तुलनेवरून ठरवण्याचे तू लिहिले आहेस, ते मात्र मला पटले नाही. एकेका फाटकावर वर्षानुवर्षे अपघात होत नाही. एखाद्या वर्षी एक झाला, म्हणून गतिरोधक घातला आणि पुढच्या वर्षी शून्य आले, तर ते गतिरोधकाचे यश की योगायोग, हे त्या आकड्यांवरून कोणालाच सांगता येणार नाही. म्हणून लोकांचे वागणे मोज: दांडा खाली येऊ लागल्यावर किती वाहने आत घुसली, बंद दांड्याखालून किती दुचाकी तिरक्या करून काढल्या आणि फाटक किती मिनिटे बंद होते. जेथे काहीच बदललेले नाही अशा शेजारच्या फाटकावरही त्याच दिवसांत तीच मोजणी कर.

फाटकावरील वर्दळ ठरवण्यासाठी रेल्वे चोवीस तासांतील गाड्यांच्या संख्येला रस्त्यावरील वाहनांच्या एककांनी गुणते. त्यात मोटार किंवा बैलगाडी 1 एकक, रिक्षा अर्धे आणि दुचाकी पाव. वर्दळीसाठी हे ठीक आहे, पण दांड्याखालून जाते ती हीच पाव एककाची दुचाकी.

माझी पहिली मोजणी मी जुलैत केली होती, ही माझीच चूक. जानेवारीत पुन्हा गेलो तेव्हा दोन ट्रॉल्यांचा उसाचा ट्रॅक्टर चढावर दमला होता. इंजिन रूळ ओलांडून गेलेले, मागची ट्रॉली रुळांवरच, आणि गेटमन दांडा अर्ध्यावर रोखून ओरडत होता. फाटक बंद होऊन कुलूप लागल्याशिवाय गाडीला सिग्नल मिळत नाही, एवढ्यावरच त्या दिवशी निभावले. हंगाम सोडून केलेल्या मोजणीत ही ट्रॉली दिसत नाही.

31 जानेवारी 2019 पर्यंत ब्रॉडगेजवरील मानवरहित फाटके संपली, त्यामुळे आता प्रश्न बंद फाटकापाशी थांबण्याचा आहे. त्यात पुणे-मिरज मार्गाच्या दुहेरीकरणाने एक नवी अडचण आणली आहे: एक गाडी गेली की जुन्या सवयीने लोक निघतात, आणि दुसऱ्या रुळावरची गाडी ताशी 110 किलोमीटर वेगाने सेकंदाला तीस मीटर कापत असते. तुझ्या तक्त्यात यासाठी रकाना नाही, तो घाल आणि नमुन्याची मोजणी डिसेंबरात ठेव. पहिले दोन दिवस मीही येऊन बसेन.

तुझा हितचिंतक