लॅपटॉपचं कर्ज नको, आधी पोरीशेजारी बसा

दादा, तुमचं पत्र वाचलं. यंत्रमागाची नोकरी, पोरगी बीएस्सी मॅथ्स सेकंड इयरला, क्लासवाल्यानं सांगितलं म्हणून ७५ हजारांचा लॅपटॉप हप्त्यावर घ्यायचाय, आणि नाहीतर बीसीएला टाकू का असं विचारलंय. मार्क चांगले आहेत तिचे, त्याची मला काळजी नाही. काळजी वाटली ती तुमच्या एका वाक्याची, "एवढा खर्च करतोय, आता पॅकेज आणूनच दाखव असं तिला सांगितलंय." लॅपटॉप अजून दुकानातच आहे आणि हप्ता तिच्या डोक्यावर आत्ताच बसला की हो! तिनं तर लॅपटॉप मागितलेलापण नाही, तुम्हीच लिहिलंय.

पुढं लिहिलंय की घरातल्या जुन्या दोन जीबी रॅमच्या कंप्युटरवर ती रात्री काळ्या स्क्रीनवर बसते, प्रश्नचिन्हापुढं काहीतरी टाईप करते, आकडे पडतात, टाईमपास चाललाय. दादा, ते प्रश्नचिन्ह वाचून मी थांबलोच. ते बहुतेक पारी-जीपी नावाचं गणिताचं सॉफ्टवेअर आहे, फ्रान्समधल्या बोर्दो इथं १९८५ च्या सुमारास सुरू झालेलं, नंबर थिअरीतले (पूर्णांकांच्या गणितातले) संशोधक आजही वापरतात, फुकट आहे. पोरगी गणितच करतेय.

गणिताला भारी मशीन लागतं हा समज डोक्यातून काढा. भारी लागतं ते गेमला, व्हिडिओ एडिटिंगला, एआयची मोठी मॉडेलं ट्रेन करायला. हजार समीकरणं आणि हजार अज्ञात घेतले तर दहा लाख आकडे होतात, प्रत्येकाला ८ बाईट धरले तरी सगळे मिळून ८ एमबी, एखाद्या गाण्याएवढं, जुनं मशीनसुद्धा ते सेकंदांत सोडवतं. २ चा १२७ वा घात वजा १ ही ३९ अंकी संख्या मूळ संख्या (प्राइम नंबर) आहे हे फ्रेंच गणिती ल्यूकासनं १८७६ मध्ये हातानं गणित करून दाखवलं, तुमच्या घरातला डबा ते डोळ्याची पापणी लवायच्या आत तपासतो. आणि मशीन स्लो असलं म्हणून उत्तर चुकत नाही, थोडं उशिरा येतं एवढंच.

तिला सांगा, विंडोज रडत असेल तर त्याच्या जागी हलकं लिनक्स टाक, ती फुकटची सिस्टीम, एलएक्सक्यूटी या हलक्या डेस्कटॉपवाली. इंटिग्रेशनला मॅक्सिमा, मॅट्रिक्सला ऑक्टेव्ह, दोन्ही फुकट. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमध्ये असल्या सॉफ्टवेअरचे धडे आहेत, काही मराठीतपण. ब्राउझरमध्ये वीस टॅब उघडून ठेवू नको म्हणावं, रॅम तिथंच जाते.

बीसीए अजिबात नको. एमएस्सीसाठी आयआयटी जॅम आणि सीयूईटी पीजी या प्रवेश परीक्षा आहेत, थर्ड इयरला फॉर्म भरायचे.

कर्ज घेऊ नका. आज रात्री जेवण झाल्यावर तिच्याशेजारी खुर्ची ओढा आणि पॅकेजचं नाव न काढता विचारा, "हे प्रश्नचिन्हापुढं काय लिहितेस गं?"