कचऱ्याचा राखणदार

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा धोरणाच्या कामात नोकरी लागल्याच्या आनंदात, दुसऱ्यांदा शेवटच्या ओळीसाठी: ‘सर, अणुऊर्जेच्या वादात मी कोणती बाजू घेऊ?’ माझी बाजू तुला ठाऊक आहे. देशाला अणुवीज हवी असं मी आजही मानतो, आणि कोळशाच्या राखेखाली चंद्रपूर कसं जगतं ते पाहिलं की जास्तच मानतो. पण तू बाजूपासून सुरुवात करू नकोस. कचऱ्यापासून कर.

आधी वस्तू डोळ्यांसमोर आण. आपल्या २२० मेगावॉटच्या जड पाण्याच्या अणुभट्टीत जाणारा इंधनाचा जुडगा जेमतेम अर्धा मीटर लांब असतो, एकोणीस नळ्या एकत्र बांधलेला. कोरा असताना हातमोजे घालून उचलता येतो, मी उचललाय. तोच जुडगा जळून बाहेर आला की उघड्यावर त्याच्याजवळ काही मिनिटं थांबणंही जिवावर बेतेल. मग तो वर्षानुवर्षं खोल पाण्याच्या टाक्यात निवत ठेवायचा. पुढे आपल्याकडे तो विरघळवून युरेनियम आणि प्लुटोनियम काढून घेतात आणि उरलेला जहाल भाग काचेत मुरवून पोलादी डब्यांत बंद करतात. तारापूरला त्यासाठी हवेवर थंड राहणारं कोठार आहे. त्यातल्या सीझियम, स्ट्रॉन्शियमचा जोर साधारण तीस वर्षांनी निम्मा होतो, म्हणून पहिली तीनेकशे वर्षं सर्वांत जपायची. जिथे जळकं इंधन तसंच पुरतात तिथे प्लुटोनियमचाही हिशेब धरावा लागतो, आणि ते निम्मं व्हायला २४ हजार वर्षं लागतात.

हेच सगळं मी एकदा कोकणातल्या एका सभेत सांगत होतो. एक म्हातारी उभी राहिली. म्हणाली, आमच्या सीमेवर राखणदार आहे, वर्षाला त्याला नारळ देतो, म्हणून पोरासोरांनाही माहीत असतं की तिथे पाय टाकायचा नाही. तुमच्या डब्यांचा राखणदार कोण? मी पडद्यावर आलेख दाखवला. ती काही न बोलता खाली बसली. या विषयातला सगळ्यात मूळ प्रश्न तिने विचारला होता, आणि मी तो भाबडेपणा समजलो. ती टोचणी अजून गेलेली नाही.

तिच्या प्रश्नाला फिनलंडने उत्तर दिलंय: राखणदार लागूच नये अशी जागा करायची. ओल्किलुओतो बेटावर, चारशे मीटरहून खोल, जवळपास दोन अब्ज वर्षं जुन्या खडकात बोगदे आहेत. तांब्याचं आवरण असलेल्या डब्यांत इंधन, भोवती पाण्याने फुगणारी बेंटोनाइट माती, वर अख्खा खडक. पण तू या खडकापेक्षा तिथला कायदा नीट वाच. ज्या एउरायोकी पालिकेच्या हद्दीत ही जागा आहे, तिला ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार होता, आणि ते ‘नाही’ सरकारलाही ओलांडता आलं नसतं. पालिका ‘हो’ म्हणाली, मगच २००१ मध्ये संसदेने १५९ विरुद्ध ३ मतांनी मान्यता दिली. त्या गावात अणुभट्ट्या आधीपासून होत्या, करही मिळत होता, हेही लक्षात ठेव. रोजीरोटीशी जोडलेला होकारही होकारच, फक्त तो विचारून मिळवलेला असावा.

आता अमेरिका. १९८२च्या कायद्याप्रमाणे अनेक जागा तपासून निवड व्हायची होती. १९८७ मध्ये काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, बाकीच्या जागा कागदावरून उडवल्या आणि नेवाडा राज्यातलं एकटं युक्का माउंटन ठेवलं. त्या राज्यात एकही अणुवीज केंद्र नाही, उलट अणुबॉम्बच्या चाचण्या मात्र तिथेच झालेल्या. २००२ मध्ये तिथल्या गव्हर्नरने नकार कळवला, काँग्रेसने तो मोडून काढला. अब्जावधी डॉलर ओतूनही तिथे इंधनाचा एक डबा गेला नाही. १९९८ पासून कचरा ताब्यात घ्यायचं वचन सरकारने वीज कंपन्यांना दिलं होतं. ते पाळता न आल्याने आजवर भरपाई चालू आहे, आणि इंधन ज्या त्या केंद्राच्या आवारात पडून आहे. खडकाचे वादही होते, नाही असं नाही. पण माझ्या मते तो प्रकल्प १९८७ मध्येच मेला.

आपल्याकडचं सांगतो. तमिळनाडूतल्या कुडनकुळम अणुवीज केंद्राच्या खटल्यात २०१२ मध्ये कचऱ्यासाठी कर्नाटकातल्या कोलारच्या बंद सोन्याच्या खाणीचं नाव निघालं. कोलारच्या लोकांना ते बातमीतून कळलं, ते रस्त्यावर उतरले, आणि तसा काही बेत नाही असा खुलासा करावा लागला. कायमच्या पुरणीची आपल्याला अजून घाई नाही, असं आपल्या अणुऊर्जा खात्याचं म्हणणं आहे आणि तांत्रिकदृष्ट्या ते पटण्यासारखं आहे. मला मात्र तोच वेळ वाया जाताना दिसतो. २०४७ पर्यंत १०० गिगावॉट अणुविजेचं उद्दिष्ट आहे, एकट्या जैतापूरला ९,९०० मेगावॉटचा आराखडा आहे. मग गावाला विचारायचं कसं, हे आज ठरवायला नको?

म्हणून तुझ्या पहिल्या महिन्यात अहवालांच्या आधी पोफरण-अक्करपट्टीच्या लोकांना भेट. तारापूरच्या तिसऱ्या-चौथ्या अणुभट्टीसाठी त्यांची गावं उठवली गेली आणि ते पुनर्वसनाचं भांडण न्यायालयात वर्षानुवर्षं लढले. किरणोत्साराचा विषय तू काढू नकोस. घर, पाणी, होड्या लावायला जागा, एवढंच विचार आणि लिहून घे. भीती दाखवून पाठिंबा मिळवणाऱ्यांपासून लांब राहा, आणि भीतीला हसणाऱ्यांपासून त्याहून लांब.

मग पहिलं टिपण लिहिशील तेव्हा त्यात एक कलम घाल: कायमच्या साठ्यासाठी ग्रामसभेचा नकार अंतिम. वरिष्ठ बहुधा ते खोडतील. खोडलेला मसुदा मला पाठव. कोणत्या शब्दावर काट मारलीय ते दोघं मिळून बघू आणि कलम पुन्हा लिहू.

तुझे,
सर