टर्बो टाकायच्या आधी हे वाचून घे

बेटा,

तुझा मेसेज वाचला. आजोबांच्या एमजीबीत, त्या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स गाडीत, स्कोडा ऑक्टाव्हिया आरएसचं १.८ लिटरचं टर्बो इंजिन बसवायचं चाललंय, ते कबाड्याकडे पडलेलं आहे, मिस्त्री पण हो म्हणून राहिला, आणि आता मला विचारतो की काका टाकू का. माझं मत आधीच सांगतो म्हणजे ताटकळत बसायला नको. आत्ता टाकू नको. का ते खाली लिहितो, सगळं वाच मग तुझं तू ठरव, गाडी तुझी आहे.

आधी कागद, कारण पोरं हे सगळ्यात शेवटी बघतात. तुझी गाडी १९७२ ची, म्हणजे पन्नाशी पार झाली. २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज गाड्यांचे नियम काढले, ५० वर्षांवरची गाडी त्यात रजिस्टर होते, नवीन रजिस्ट्रेशनला २०,००० रुपये लागतात, १० वर्षं चालतं आणि नंबरमध्ये 'व्हीए' येतं. पण अट अशी की गाडी मूळ रूपात पाहिजे, चेसिस, बॉडी, इंजिन यात मोठा बदल केलेला नको. त्यात रोज फिरवता येत नाही हेही खरं, रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर काढायची. पण टर्बो बसला की हा दरवाजाच बंद. आणि तू म्हणशील मी साध्या आरसीवरच चालवतो, तर तिथे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा गाडी वेगळी होईल असा बदल करता येत नाही, सुप्रीम कोर्टाने २०१९ मध्ये हेच ठणकावून सांगितलंय. आरसीवर इंजिन नंबर असतो, तो जुळला नाही की उद्या नागपुरात वर्धा रोडवर कोणाला धक्का लागला तर इन्शुरन्सवाल्याला क्लेम अडवायला आयतं निमित्त मिळतं. म्हणून मिस्त्रीला विचारण्याआधी आरटीओत जा आणि लेखी विचार, तोंडी 'चालतं हो' वर जाऊ नको.

आता मशीनचं बोलू. तुझं मूळ इंजिन १७९८ सीसी, साधारण ९५ हॉर्सपॉवर. आरएसचं १५० चं. कागदावर भारी वाटतं, पण ते इंजिन पुढच्या चाकांच्या गाडीसाठी आडवं बसवलेलं, तुझ्या गाडीत उभं बसून मागची चाकं फिरवायची आहेत. म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या बेलहाउसिंगची अॅडॉप्टर प्लेट, क्लच, माउंटिंग, सम्प म्हणजे खालचं ऑइलचं भांडं, एक्झॉस्ट, वायरिंग, ईसीयू म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, सगळं नव्याने घडवायचं. हिंगणा एमआयडीसीत प्लेट काढून देणारा चांगला लेथवाला मिळेल, पण क्रँक आणि गिअरबॉक्सचा शाफ्ट बरोब्बर एका रेषेत यायला पाहिजे, थोडा जरी सरकला तर क्लच आणि बेअरिंग खाऊन टाकतो. एमजीने स्वतः १९७३ ते ७६ मध्ये याच गाडीत रोव्हरचं ३.५ लिटर व्ही८ बसवलं होतं ना, पण त्यांनी नुसतं इंजिन नाही बदललं, पुढच्या ब्रेकच्या डिस्क जाड केल्या, मागच्या अॅक्सलचा रेशो बदलला, दोन इलेक्ट्रिक फॅन लावले. कारखान्याला एवढं करावं लागलं. तुझ्या बजेटमध्ये ब्रेकचा एक रुपया पण मला दिसला नाही, मागे अजून ड्रम आहेत लेका.

आणि आपलं ऊन. नवतपात, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ दिवसांत, आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो हे तुला काय सांगायचं. टर्बो हवा दाबतो आणि दाबलेली हवा तापते. ४५ डिग्रीची हवा १० पीएसआय बूस्टला, म्हणजे टर्बोच्या जादा दाबाला, दाबली तर ती टर्बोतून सव्वाशेच्या आसपास तापून बाहेर येते, मग ती थंड करायला इंटरकूलर पाहिजे, आणि तो बसणार रेडिएटरच्या पुढे, म्हणजे रेडिएटरला मिळणारी हवा आधीच गरम. सीताबर्डीच्या सिग्नलला पाच मिनिटं उभा राहिलास की तुझी नजर रस्त्यावर नाही, टेम्परेचरच्या काट्यावर राहील. आजही तुझ्या गाडीत कार्बोरेटर आणि एक्झॉस्ट एकाच बाजूला आहेत, तिथली हीट शील्ड जागेवर आहे का बघ, बऱ्याच गाड्यांची कोणीतरी काढून फेकलेली असते आणि मग उन्हात पेट्रोल उकळतं. आणि ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आल्यापासून जुने रबरी पाइप गळायला लागतात, ते तर टर्बो असो नसो, आत्ताच बदल.

मला मनापासून असं वाटतं की तुझी गाडी आत्ता आजारी आहे आणि तू तिला हळू समजून राहिला. उचलत नाही म्हणतोस, मग आधी तिचं नीट बघ ना. बॉनेट उघड, दोन्ही एसयू कार्बोरेटरचे पिस्टन बोटाने वर उचल आणि सोड, खाली येताना टक् असा स्वच्छ आवाज आला पाहिजे, अडकत अडकत आला तर आतली सुई, म्हणजे नीडल, घासतेय. वरच्या टोपीत तेल आहे का बघ. डिस्ट्रिब्यूटर उघडून आतली वजनं मोकळी हलतात का बघ, ती जाम झाली असतील तर वरच्या आरपीएमला स्पार्कचं टायमिंग पुढे सरकतच नाही आणि गाडी मेल्यासारखी चालते, आणि तुला वाटतं इंजिनात दम नाही. टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट, सेट कर. यातलं काहीच केलेलं नाहीये ना तू? इंजिन अजून स्वतःच्या ९५ पर्यंतसुद्धा पोचलेलं नसेल.

हायवेवर १०० ला इंजिन किंचाळतं हे मात्र तुझं खरं दुखणं आहे, आणि त्यावर इलाज ओव्हरड्राइव्हचा गिअरबॉक्स आहे, म्हणजे त्याच वेगाला इंजिन हळू फिरतं, या गाडीला तो कंपनीचाच ऑप्शन होता. साडेतीन हजारच्या आसपासचं आरपीएम २८५० च्या आसपास येतं, गाडी मूळचीच राहते, आणि समृद्धीवर तू शांत गप्पा मारत जाशील. टर्बोवर जेवढा खर्च करायला निघालास त्याच्या थोड्या भागात हे आणि ब्रेक दोन्ही होतील, वर पैसे उरतील.

तरीही करायचंच असेल, आणि आरटीओने लेखी परवानगी दिली असेल, तर माझी एकच अट. बॉडीला कटर लावायचा नाही. ना फायरवॉल म्हणजे इंजिन आणि केबिनमधली भिंत कापायची, ना क्रॉसमेंबर म्हणजे खालचा आडवा बीम. जुनं इंजिन आणि गिअरबॉक्स तेल घालून, तोंडं बंद करून कोरड्या जागेत ठेवायचं, विकायचं नाही, मिस्त्री दहा हजार देतो म्हणाला तरी नाही.

या रविवारी कॉम्प्रेशन टेस्ट कर, म्हणजे प्रत्येक सिलिंडरचा दाब मोज, गरम इंजिनवर, चारही प्लग काढून, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून. कोरडे आकडे लिही, मग प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून परत घे. चारांत १० टक्क्यांपेक्षा जास्त फरक असला आणि ऑइलने आकडा वाढला तर रिंगा गेल्या, नाही वाढला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. आठही आकडे मला पाठव, मग हेड उघडायचं की नाही ते बोलू.

काका