संभाव्यतेत शोधायचं अजून काय उरलंय?

प्रश्न : मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. संभाव्यतेत संशोधन करायचं मनात आहे, पण घरचे म्हणतात, "छापा नाहीतर काटा, त्यात शोधायचं काय?" शिवाय संगणक लाखो वेळा प्रयोग करून उत्तर देतोच. मग सिद्धता करत कशाला बसायचं?

उत्तर : घरच्यांसमोर एक ग्राफ पेपर ठेवा. रेषा जिथे छेदतात अशा एका बिंदूवरून निघायचं. दर पावलाला चार दिशांपैकी कुठलीही एक, चारींना सारखी संधी. ही चाल कधीतरी मूळ बिंदूवर परत येईल का? जॉर्ज पोल्या यांनी १९२१ मध्ये सिद्ध केलं, की येतेच, संभाव्यता १. त्रिमितीत मात्र ती जेमतेम ०.३४ उरते. पावलं चौपट केली, की त्या क्षणी मूळ बिंदूवर असण्याची संभाव्यता कागदावर चौथा हिस्सा होते, त्रिमितीत आठवा. दर पावलाच्या या संभाव्यता मिळवत गेलं, की चाल सरासरी किती वेळा परत येते ते कळतं : कागदावर ही बेरीज वाढतच जाते, त्रिमितीत थांबते. हे तुमच्या अभ्यासक्रमातलंच गणित आहे.

आता एकच नियम वाढवा : एकदा पाय पडला त्या बिंदूवर पुन्हा पाय ठेवायचा नाही. एका पावलाच्या वाटा ४, दोन पावलांच्या १२, तीनच्या ३६. चौथ्या पावलाला प्रत्येकी ३ पर्याय धरले तर १०८ व्हायला हव्यात, पण होतात १००. गळालेल्या ८ वाटा चौकोन पुरा करून मूळ बिंदूवर येतात : निघायच्या दिशा ४, आणि प्रत्येकीला वळसा डावीकडून किंवा उजवीकडून. हे हातानं काढून बघाच. पाच पावलांच्या वाटा २८४. पुढे कितीही पावलांना लागू पडेल असं सूत्र आजवर कुणालाही सापडलेलं नाही. साध्या चालीला मागचं काही आठवावं लागत नाही; हिला सगळं आठवावं लागतं, आणि आपली बहुतेक हत्यारं तिथेच बोथट होतात. मला हा विषय आवडतो तो याचमुळे.

संगणकाचं म्हणाल, तर ७९ पावलांपर्यंतची नेमकी मोजणी झालेली आहे. ती संख्या ३५ अंकी आहे. पण लांबच लांब वाट मूळ बिंदूपासून किती दूर जाते? भौतिकीची अटकळ अशी, की अंतर पावलांच्या संख्येच्या ३/४ घाताच्या प्रमाणात वाढतं. संगणकाचे आकडे तिच्याशी जुळतात. सिद्धता नाही. गंमत म्हणजे पाच आणि त्याहून जास्त मितींत उत्तर पक्कं आहे : तिथे अंतर साध्या चालीसारखंच, वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतं, हे हारा आणि स्लेड यांनी १९९२ मध्ये दाखवलं. जागा इतकी ऐसपैस, की स्वतःची वाट क्वचितच आडवी येते. अवघड आहे ते आपल्या ओळखीच्या मितींत.

आणि सिद्धता कशाला, याचं उत्तर मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या षटकोनी जाळीत आहे. तिथे दर पावलाला वाटांची संख्या सरासरी किती पटीनं वाढते, हे निनहाऊस यांनी १९८२ मध्ये भौतिकीच्या युक्तिवादानं सांगितलं : २ अधिक २ चं वर्गमूळ, आणि या बेरजेचं वर्गमूळ, म्हणजे सुमारे १.८४८. द्युमिनिल-कोपँ आणि स्मिर्नोव्ह यांची सिद्धता छापून आली २०१२ मध्ये, आणि ती चक्क छोटी आहे. संमिश्र विश्लेषण नीट झालं असेल तर तुम्ही एम.एस्सी.ला असतानाच ती वाचू शकाल. वाचताना एवढं बघा, की षटकोनामुळे नेमकं कुठे जमलं. कारण ग्राफ पेपरच्या चौकटींवर ती युक्ती चालत नाही. तिथला आकडा २.६३८च्या आसपास आहे, आणि तो नेमका काय आहे ते अजून कुणालाच माहीत नाही.